वरचा भाग शिवून होतो, पुढे अडतं. छोटे क्विल्ट, रनर, दुपटी पूर्ण कशी करता?

रंगीत_तुकडे

नमस्कार मंडळी. मी घरच्या घरी शिवते, क्लास लावलेला नाही, व्हिडिओ बघत आणि आईला विचारत शिकतेय. मशीन उषा जनोमचं आहे, साधंच. तुकडे जोडायचं काम मला मनापासून आवडतं, रंग शेजारी शेजारी लावून बघायचे, चौकोन जमवायचे, शिवणी इस्त्रीने बसवायच्या, त्यात रात्र कशी सरते कळत नाही. पण वरचा भाग तयार झाला की पुढे काम सरकतच नाही. आत्ता कपाटात एक टेबल रनर, दोन कुशनचे पुढचे भाग, कपाखाली ठेवायचे छोटे मॅट आणि बाळाच्या गोधडीचा वरचा भाग (३६ बाय ४२ इंच) असं सगळं घड्या घालून ठेवलंय.

मुंबईत राहते, दमट हवा, त्यामुळे मधे नक्की काय घालावं हा पहिला प्रश्न. फोमवाल्याकडे पांढरं पॉलिएस्टरचं वॅडिंग मिळतं ते घेऊ का कापूस का जुनी चादर? दुसरं म्हणजे तीन थर एकत्र शिवताना खालचं कापड सरकतं आणि मागून चुण्या पडतात. आणि तिसरं, कडेची पट्टी, त्यातही कोपरे. वहिनीचे दिवस भरत आलेत, बारशाला ती गोधडी द्यायचीय म्हणून आता खरंच हे सगळं मार्गी लावायचंय. तुम्ही कुठल्या क्रमाने करता, काय आधी घेता, सगळं सांगा प्लीज, कितीही मोठं लिहिलंत तरी वाचेन.

सुईदोरा

आधी तुमच्या ढिगातल्या सगळ्या वस्तूंना एकच पद्धत लावायची नाही असं ठरवा, अर्धं काम तिथेच हलकं होतं. बाइंडिंगची, म्हणजे कडेच्या पट्टीची, गरज फक्त गोधडीला आहे. बाकी कशालाच नाही, खरंच नाही.

कुशनचं बघा, त्याची मागची बाजू कव्हरच्या आत जाते, कुणाला दिसत नाही, म्हणून खाली जुन्या चादरीचा तुकडा लावून क्विल्टिंग, म्हणजे थर एकत्र धरणाऱ्या टिपा, करून टाका आणि पाठीला दोन तुकडे एकावर एक येतील असे लावा. १६ इंची उशी असेल तर पुढचा भाग साडेसोळाचा चौकोन, मागचे दोन तुकडे साडेसोळा बाय ११, दोघांची एकेक लांब कड पाऊण इंच दुमडून टीप, मग सुलट बाजू समोरासमोर ठेवून चारी बाजूंनी पाव इंचावर शिवायचं आणि मधल्या फटीतून उलटवायचं. मधे चारेक इंच एकावर एक येतात, चेन नको, बटण नको. एका संध्याकाळी दोन्ही होतात.

मॅट आणि रनर उलटवून करा. सगळ्यात खाली वॅडिंग, त्यावर अस्तराचं कापड सुलट बाजू वर, त्यावर तुमचा शिवलेला भाग सुलट बाजू खाली. पाव इंचावर चारी बाजूंनी टीप मारा पण एका सरळ बाजूला मॅटला ३ इंच आणि रनरला ५-६ इंच उघडं सोडा, कोपऱ्यावर सोडू नका, तिथून उलटवलं की कोपरा कधीच नीट येत नाही. उघड्या भागाच्या दोन्ही टोकांना टीप मागेपुढे करून पक्की करायची. शिवणीतलं वॅडिंग टीपेच्या जवळ कापून टाका म्हणजे कड जाड होत नाही, कोपरे तिरके छाटा, टीप कापली जाणार नाही एवढं बघून. उलटवल्यावर कोपरा बाहेर काढायला बोथट विणायची सुई किंवा चॉपस्टिक. कात्रीचं टोक घालू नका. मग इस्त्री, उघडा भाग आत दुमडून हाताने लपत्या टाक्याने बंद, आणि कडेपासून पाव इंचावर सगळीकडून एक टीप. ही शेवटची टीप टाळू नका, वस्तू धुतल्यावर कड गोल गोल होते ती हिच्यामुळे सरळ राहते.

मॅटपासून सुरुवात करा हे माझं आग्रहाचं सांगणं. गोधडी महत्त्वाची आहे म्हणूनच ती आधी नको, चार मॅट केलेत की हात बसतो, मशीनचे दात (सुईखालचे, कापड सरकवणारे) किती ओढतात, टाका किती लांब बरा दिसतो हे सगळं तिथे कळतं आणि मॅटला कापड तरी किती लागतं. गोधडीचं नंतर सविस्तर लिहिते, आत्ता मुलाला आणायला जायचंय.

पावसाळी

वॅडिंगबद्दल. मी रत्नागिरीची, तुमच्यासारखीच हवा. बाळाच्या गोधडीला पॉलिएस्टर घालू नका, खाली घाम येतो आणि बाळ चिडचिडं होतं. मी मधे सुती फ्लॅनेल घालते नाहीतर आजीच्या मऊ झालेल्या सुती पातळाचे दोन थर. धुतल्यावर वाळतं, वजन होत नाही, सुई सुद्धा सहज जाते. फक्त फ्लॅनेल आटतं बरं का, आधी गरम पाण्यातून काढून वाळवून मगच कापा.

कात्री_सातारा

मी पिशव्या आणि सीट कव्हर शिवतो, क्विल्ट नाही, पण थर सरकायचं कारण सगळीकडे एकच असतं म्हणून लिहितोय. मशीनचे दात फक्त खालच्या कापडाला पुढे ढकलतात. वरच्या कापडाला मशीनचा पाय (प्रेसर फूट) दाबून धरतो. थर जाड झाले की पाय जास्तच दाबतो, मग खालचं पुढे पळतं आणि वरचं मागे राहून पायापुढे फुगतं, शिवत शिवत पुढची शिवण आली की तो फुगा तिथे चुणी म्हणून बसतो. तुमच्या चुण्या मागच्या बाजूला पडतायत म्हणजे दाबाच्या जोडीला खालचं कापड ताणून पसरलेलंच नसणार, ढिलं राहिलं असेल.

यावर तीन गोष्टी आहेत. पायाचा दाब कमी करणे, काळ्या जुन्या मशीनला डोक्यावर पायाच्या दांड्याच्या वर स्क्रू असतो तो सैल केला की दाब उतरतो, नव्या घरगुती मशीनपैकी काहींना ही सोय असते काहींना नसते, तुमचं पुस्तक बघा. दुसरं वॉकिंग फूट, त्याला स्वतःचे वरचे दात असतात, त्याची एक दांडी सुईच्या स्क्रूवर बसते आणि सुई वरखाली झाली की ते दात वरचं कापडही पुढे सरकवतात. जाड कामाला याच्यासारखं काही नाही. घेताना मशीनचा मॉडेल नंबर आणि पाय लावायच्या जागेचा फोटो दुकानदाराला दाखवा, लो शँकचा आणि हाय शँकचा, म्हणजे पाय बसतो ती दांडी कमी किंवा जास्त उंच असेल तसा, वेगळा येतो. तिसरं टाका मोठा करा. जोडकामाला अडीच मिमी चालतो, तीन थरांना ३ ते साडेतीन ठेवा. सुई १४ नंबरची, आणि नवीन. बोथट सुईने टाके सुटतात आणि माणूस टेन्शनची (दोऱ्याच्या ताणाची) चाकी फिरवत बसतो, तिथे काहीच बिघडलेलं नसतं.

आणि कापड मागून ओढायचं नाही. फक्त दिशा द्यायची.

रंगीत_तुकडे

बापरे किती उपयोगी लिहिलंत सगळ्यांनी. कात्री_सातारा दादा, वरचं कापड मागे राहतं हे आता डोळ्यासमोर आलं, पायाच्या पुढे तो फुगा मी रोज बघते. सुईदोराताई गोधडीची वाट बघतेय. एक विचारायचं राहिलं, कपाखालच्या मॅटना पॉलिएस्टर चालेल ना? त्याचा एक तुकडा घरात आहे.

पावसाळी

कपाला चालेल. गरम पातेलं किंवा तवा ठेवायचा असेल तर मात्र नको, पॉलिएस्टर वितळतं. तिथे सुतीच, जुना टर्किश टॉवेलचा तुकडा दुहेरी घाला.

घाटमाथा

मी यल्लापूरकडची, माहेर हलियाळ. तुमचं सगळ्यांचं वाचून एक वेगळीच गोष्ट सांगावीशी वाटली कारण प्रश्न "शेवटी कड राहते आणि अडतं" हा आहे, आणि आमच्याकडच्या बायका कड आधी करतात.

उत्तर कन्नडात यल्लापूर, हलियाळ, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी समाज राहतो, कोकणी बोलतात, त्यांच्या बायका ज्या गोधड्या शिवतात त्याला कवंदी म्हणतात. खाली एक मोठं कापड असतं, बहुतेक वेळा जुनी साडी. त्याची कड आत दुमडतात आणि कोपऱ्यापासून कडेकडेने एकेक तुकडा ठेवून, त्याचीही बाहेरची बाजू दुमडून, धावदोऱ्याने शिवत शिवत चौकोनात आत आत येतात. तुकडा जोडणं आणि क्विल्टिंग एकाच टाक्यात होतं. वेगळा वरचा भाग नसतो, तीन थर पसरून टाचायचं काम नसतं, शेवटी पट्टी नसते. मधोमध पोचलं की कवंदी झाली. मग चार कोपऱ्यांना घड्या घातलेल्या छोट्या तुकड्यांची त्रिकोणी फुलं लावतात, त्यांना फुलाच म्हणतात, आणि ती लावल्याशिवाय कवंदी नागडी दिसते असं तिथे मानतात. परदेशातल्या म्युझियममध्ये या कवंद्या लागल्यात, पण मला त्या अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेल्याच जास्त आवडतात, एवढे रंग असतात.

आपल्याकडची जुनी हाताची गोधडी तरी काय, तीसुद्धा बाहेरून सुरू होते. आधी चारी बाजू दुमडून पक्क्या, मग एकात एक चौकोन घालत धावदोरा आत येतो. माझी सासू कोल्हापूरकडची, वाकळ शिवायची, जमिनीवर पसरून दोघी तिघी जणी चारी बाजूंना बसायच्या आणि टाके घालत आत सरकायच्या, कापडावरच बसल्यामुळे ते ताणलेलं राहायचं, पिना बिना कुणी लावल्या नाहीत.

तर माझं म्हणणं असं की तुझा ३६ बाय ४२ चा वरचा भाग झालाय तो तसाच ठेव, पण पुढची छोटी दुपटी तरी या पद्धतीने हाताने करून बघ. हाताची असली की प्रवासात, टीव्हीसमोर, दवाखान्याच्या रांगेत कुठेही चार टाके होतात आणि कधीही ठेवून दिली तरी जेवढी झाली तेवढी पूर्णच असते. मशीनच्या क्विल्टचं तसं नाही, तो पूर्ण झाल्याशिवाय वापरताच येत नाही. दोरा जाड घे, अँकरच्या सहापदरी भरतकामाच्या दोऱ्याचे तीन पदर चालतात, आणि हातभर लांबच ओव, जास्त लांब घेतला की गुंततो.

सुईदोरा

घाटमाथा, किती सुंदर लिहिलंत. चौकोन आत येत जातो हे मी आजीच्या गोधडीवर बघितलंय पण त्यामागे कड आधी पक्की करायचा विचार आहे हे आज कळलं.

आता रंगीत, तुझी बारशाची गोधडी. खालचं कापड आणि मधलं फ्लॅनेल दोन्ही वरच्यापेक्षा प्रत्येक बाजूने दोन इंच मोठं काप, म्हणजे ४० बाय ४६. अस्तर उलट बाजू वर करून लादीवर पसर आणि कडेने मास्किंग टेपने चिकटव, चुणी राहणार नाही एवढं ताठ पण ओढून लांब करायचं नाही. तुझ्या मागच्या चुण्यांचा मोठा भाग इथेच संपेल. त्यावर फ्लॅनेल हाताने सपाट करत, त्यावर वरचा भाग. मग मधून बाहेर जात सेफ्टी पिना, दर चार इंचांवर, तळवा ठेवला तर त्याच्याखाली एक तरी पिन आली पाहिजे. पिना कमी असतील तर मोठ्या सुईने कच्चे टाके घाल, उलट मला तेच जास्त आवडतं कारण मशीनच्या पायात काही अडकत नाही.

पहिली टीप मधोमध उभी, दुसरी मधोमध आडवी, मग उरलेल्या मधून कडांकडे. कडेपासून सुरू केलंस तर उरलेलं सगळं कापड मधे गोळा होईल. डिझाइनच्या विचारात अडकू नकोस, जोडाच्या शिवणीपासून पाव इंच सोडून सरळ रेघा मार, चौकोनांवर त्या छानच दिसतात. जोडाच्या अगदी खाचेत शिवणं सगळे सोपं म्हणून सांगतात, मला ते अवघड वाटतं, जरा इकडे तिकडे झालं की लगेच दिसतं. दोन टीपांमधे तीन चार इंचांपेक्षा जास्त जागा ठेवू नकोस, फ्लॅनेल धुण्यात सरकत नाही पण वरचं कापड फुगतं.

क्विल्टिंग झालं की चारी बाजू छाटून काटकोन करून घे, आणि मग पट्टी. हिशोब लिहून देते. घेर म्हणजे ३६ अधिक ४२ दुप्पट, १५६ इंच. जोड आणि कोपऱ्यांसाठी १० धर, १६६. कापडाचा पन्हा ४४ चा असला तरी काठ सोडून ४२ धर. चार पट्ट्यांचे १६८ होतात पण तिरक्या जोडात प्रत्येक वेळी अडीच इंच जातात म्हणून पाच पट्ट्या काप. अडीच इंच रुंदीच्या पाच म्हणजे साडेबारा इंच कापड, अर्धा मीटर आणलंस तरी उरेल. उरेब (तिरकी) कापायची गरज नाही, सरळ कडेला सरळ पट्टी चालते, उरेब फक्त कड गोल असेल तेव्हा, आणि त्यात कापड फार जातं.

पट्टी लांबीत दुमडून इस्त्री. वरच्या बाजूला, एका बाजूच्या मध्यापासून, सुरुवातीची आठ इंच मोकळी सोडून, पाव इंचावर शिवायला लाग. कोपरा यायच्या पाव इंच आधी थांब, टीप पक्की कर, दोरा काप. पट्टी सरळ वर उचल म्हणजे ४५ अंशाची तिरकी घडी पडते, मग तीच पट्टी खाली आण, वरची घडी क्विल्टच्या कडेला जुळली पाहिजे, आणि कडेपासून पुन्हा टीप सुरू. एवढंच आहे. ते पाव इंच आधी थांबणं विसरलं तरच कोपरा बसत नाही. कागदावर दुमडून बघ एकदा, मग कापडावर भीती वाटणार नाही. शेवटी दोन्ही टोकं एकमेकांवर बरोबर अडीच इंच येतील अशी कापायची, पट्टीच्या रुंदीएवढी, आणि उघडून काटकोनात ठेवून तिरकं शिवायचं, जोड सापडत पण नाही. मग पट्टी मागे वळवून हाताने हेम घाल. मशीननेही होतं पण बाळाची आहे, हातानेच कर, दोन तीन संध्याकाळी लागतील.

मिशिगनहून_शमा

मी इथे अमेरिकेत क्विल्टिंग शिकले, वरच्या ताईंनी सांगितलेलं अगदी बरोबर आहे. दोन गोष्टी फक्त जोडते. बाळासाठी आहे म्हणून बटणं, आरसे, टिकल्या, सुटी लेस काही लावू नका, आणि वहिनींना सांगा की झोपलेल्या लहान बाळावर किंवा पाळण्यात सुटी गोधडी ठेवायची नाही. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स पहिल्या वर्षात झोपताना अंगावर किंवा शेजारी मऊ सुटं अंथरूण पांघरूण नको म्हणते, तोंडावर आलं तर श्वास अडू शकतो. जमिनीवर पसरून पालथं खेळायला द्या, त्याला ३६ बाय ४२ हे माप उत्तम आहे.

दुसरं, कापड आधी धुतलंय का? इथली दुकानातली क्विल्टिंगची कापडं मी तशीच शिवते, पण भारतातून आणलेली कलमकारी आणि इंडिगो दोन तीनदा धुतल्याशिवाय कापत नाही.

रंगीत_तुकडे

शमाताई, झोपेचं माहीत नव्हतं, वहिनीला नक्की सांगते. आणि कापडाचं विचारलंत ते बरं झालं. पांढरे चौकोन धुतलेले आहेत पण मधले लाल चौकोन मंगलदास मार्केटमधून आणलेल्या सुती कापडाचे आहेत आणि ते धुतलेले नाहीत. आता सगळं जोडून झालंय. मिठाच्या पाण्यात बुडवलं तर रंग पक्का होतो म्हणतात, ते करू का?

पावसाळी

मिठाने होत नाही गं. मीठ रंगवताना रंग कापडात शिरायला मदत करतं, कापड रंगून बाजारात आल्यावर त्याने काही पक्कं होत नाही. आधी तपास कर, पांढऱ्या सुती चिंधीला पाणी लाव आणि लाल चौकोनावर जोरात घास. चिंधी पांढरी राहिली तर निर्धास्त शिव.

सुईदोरा

आणि चिंधी लाल झाली तर थर लावायच्या आधीच, आत्ताच, नुसता वरचा भाग धू. मोठ्या बादलीत भरपूर पाणी, थोडा साबण, हात फिरवत राहा, पाणी लाल झालं की लगेच बदल, पाणी स्वच्छ राहीपर्यंत. पिळून गोळा करून ठेवायचा नाही आणि मशीनमध्ये टाकायचा नाही, कापलेल्या कडांचे दोरे निघतात. धुतल्यावर टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिप आणि लगेच पंख्याखाली सपाट पसर. ओलं कापड एकावर एक घडीत राहिलं की रंग लागायची भीती जास्त असते. उन्हात लाल फिकं पडतं म्हणून सावलीतच. वाळल्यावर कापडाच्या उलट बाजूने इस्त्री कर आणि माप परत घे, अर्धा पाऊण इंच कमी भरेल, मग अस्तर आणि पट्टी नव्या मापाने काप.

रंगीत_तुकडे

घासून बघितलं. चिंधीवर हलका गुलाबी डाग आलाय. उद्या सकाळी पाणी आलं की धुते. वाळेपर्यंत मॅट घेते करायला, ते चारही पॉलिएस्टर घालून उलटवून.

कात्री_सातारा

पॉलिएस्टर फुगीर असेल तर पायाचा दाब आत्ताच बघून घ्या, आणि त्याच्यावर थेट गरम इस्त्री ठेवू नका, वर सुती कापड ठेवून मगच.